आधी तिचा खेळ लिही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुला क्रीडा डेस्क मिळाल्याचं कळलं, आनंद झाला. महिला खेळाडूंच्या बातम्या लिहिताना काय सांभाळायचं, असं तू विचारलंस. ‘सन्मानाने लिही’ एवढं सांगून तुझं काम होणार नाही. रात्री पान सोडायची घाई असते आणि त्या घाईत हात आपोआप जुन्या शब्दांकडे जातो. रणरागिणी, वाघीण, सुवर्णकन्या, फुलराणी. हे शब्द कुणी वाईट हेतूने वापरत नाही. सामन्यात नेमकं काय घडलं हे बातमीदाराला कळलेलं नसलं की विशेषणं येतात. म्हणून माझं सगळं सांगणं एवढ्यावरच येतं की तिचा खेळ नीट पाहा, मोजून टिपून घे आणि तोच आधी लिही. बाकीचं बरंचसं त्यातून सुटतं. जे सुटत नाही तेही खाली लिहिते आहे.

आपल्या नागपूरचंच उदाहरण घे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्ध दोन्ही क्लासिकल, म्हणजे जास्त वेळाचे, डाव बरोबरीत सुटले. टायब्रेकचा, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीचा, पहिला जलद डावही बरोबरीत गेला आणि दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म, म्हणजे तीनदा स्पर्धेत ठरावीक दर्जाची कामगिरी, आणि २५०० रेटिंग लागतं. दिव्याकडे तोवर ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. विश्वचषक जिंकणारीला किताब थेट मिळतो या नियमामुळे ती एका दिवसात ग्रँडमास्टर झाली. हे सगळं पाच-सहा ओळींत बसतं, आणि बुद्धिबळ न कळणाऱ्या वाचकालाही त्यातून विजय केवढा मोठा ते कळतं. आईला मिठी मारून रडतानाचा तिचा फोटो सगळीकडे झळकला. त्या फोटोला माझी हरकत नाही, तो क्षण खराच होता. पण फोटोखाली ‘अश्रू अनावर’ एवढं लिहून थांबलं, तर ती कशी जिंकली हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. आणि समोर बसलेली हम्पी कोण होती? २००२ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली, हा किताब मिळवणारी भारतातली पहिली महिला. तिची ओळख ‘एका मुलीची आई’ अशी सुरू केलीस, तर दिव्याचा विजयही तू लहान केलास.

याच दिव्याने जानेवारी २०२४ मध्ये, नेदरलँड्समधली टाटा स्टील स्पर्धा संपल्यावर, इन्स्टाग्रामवर जाहीरपणे लिहिलं होतं. प्रेक्षक तिच्या डावांपेक्षा तिचे कपडे, केस आणि उच्चार यांवर बोलत होते, आणि स्त्रिया बुद्धिबळ खेळतात तेव्हा त्या किती चांगलं खेळतात याकडे लोकांचं लक्षच जात नाही, असं तिचं म्हणणं होतं. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. ती पोस्ट काढून वाच. प्रेक्षकांबद्दल तिने जे लिहिलं आहे, ते आपल्या पानांनाही लागू होतं.

आता मैदानावर. समज, मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात शालेय ॲथलेटिक्स स्पर्धा आहे आणि मुलींची ८०० मीटरची शर्यत सुरू होते आहे. स्टॉपवॉच हातात ठेव. धावपटू पहिलं वळण संपेपर्यंत आपापल्या लेनमध्ये पळतात आणि मग आतल्या बाजूला येतात. आत येताना कोण घोळक्यात अडकली, कोण बाहेरून मोकळी राहिली, हे त्याच क्षणी टिपून घे. एक फेरी झाली की घंटा वाजते. घंटेच्या वेळी पहिली मुलगी किती सेकंदांत आली आणि जी पुढे जिंकली ती कितवी होती, या दोन नोंदी म्हणजे अर्धी बातमी. शेवटच्या वळणावर कुणी जोर लावला, कितव्या मीटरच्या आसपास, आतून की बाहेरून, तेही लिहून घे. एवढं हाताशी असलं की ‘आईवडिलांच्या कष्टाचं चीज करत या रणरागिणीने सुवर्णपदकावर नाव कोरलं’ असा इंट्रो तुला सुचणारच नाही. तू लिहिशील: ‘घंटा वाजली तेव्हा ती चौथी होती. शेवटच्या वळणावर बाहेरून निघत तिने तिघींना मागे टाकलं. दुसरी फेरी तिने पहिलीपेक्षा दोन सेकंद कमी वेळात पूर्ण केली.’ ज्या मुलीने हे केलं, तिला उद्या सकाळी पेपरात स्वतःचा खेळ ओळखू येईल.

वेळ लिहिताना एक काळजी घे. निकालपत्रकात दशांशानंतर एकच आकडा असला, तर बहुधा ती हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचची वेळ असते, दोन असले तर इलेक्ट्रॉनिक. १०० किंवा २०० मीटरमध्ये हाताने मोजलेली वेळ साधारण पाव सेकंदाने कमी दिसते, कारण पंचांचं बोट बंदुकीच्या आवाजानंतर जरा उशिराच बटणावर पडतं. अशी वेळ राष्ट्रीय विक्रमाशेजारी ठेवून ‘विक्रमाच्या उंबरठ्यावर’ लिहिलंस, की दोन महिन्यांनी इलेक्ट्रॉनिक वेळ आल्यावर मुलगी ‘घसरली’ असं छापून येतं. तिने काहीच बिघडवलेलं नसतं. २०० मीटरपर्यंतच्या शर्यती, लांब उडी आणि तिहेरी उडी यांत वाऱ्याचा वेगही विचारून घे. सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त पाठवारा असेल, तर ती कामगिरी विक्रमासाठी धरत नाहीत. वारा मोजलाच नसेल, तर ‘वारा मोजलेला नव्हता’ असं लिही.

मुलींच्या स्पर्धांची मापं वेगळी असतात आणि ती पाठ असली पाहिजेत. वरिष्ठ गटात महिलांचा गोळा ४ किलोचा, पुरुषांचा ७.२६० किलोचा. भाला ६०० ग्रॅमचा आणि ८०० ग्रॅमचा. महिलांच्या १०० मीटर अडथळ्यांची उंची ८३.८ सेंटिमीटर, पुरुषांच्या ११० मीटरमध्ये १०६.७. महिला क्रिकेटचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा. वयोगट बदलला की ही वजनं बदलतात, म्हणून शालेय स्पर्धेत पंचांना विचारूनच लिहायचं. ही मापं माहीत नसलेला माणूस मुलीच्या गोळाफेकीचं अंतर मुलाच्या अंतराशेजारी ठेवतो आणि त्यातून भलताच अर्थ काढतो.

उलटी चूक ‘पहिला’ या शब्दात होते. एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक कुणाचं, असं विचारलं की डेस्कवरचे दहापैकी नऊ जण सचिनचं ग्वाल्हेर सांगतील. ते २०१०चं. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १९९७च्या विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या आणि तेही मुंबईत. क्रिकेटचा पहिला विश्वचषकही महिलांचाच, १९७३चा. पुरुषांचा १९७५ला झाला. विम्बल्डनमध्ये २०१७ साली एका पत्रकाराने ‘२००९ नंतर ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत गेलेला पहिला अमेरिकन खेळाडू’ असं म्हटल्यावर अँडी मरेने तिथल्या तिथे ‘पुरुष खेळाडू’ अशी दुरुस्ती केली. त्या काळात सेरेना विल्यम्सने ग्रँड स्लॅम विजेतेपदांची रास लावली होती. तेव्हा ‘पहिला’, ‘सर्वाधिक’, ‘एकमेव’ यांतला कुठलाही शब्द टाईप करण्याआधी महिलांची नोंद उघडून बघायची सवय लाव.

बातमीतला क्रम हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. आयोजकांच्या प्रेसनोटमध्ये मुलांचे निकाल वर आणि ‘मुलींच्या गटात’ अशी ओळ सगळ्यात खाली असते. ती जशीच्या तशी उतरवलीस आणि रात्री जाहिरात आली, तर उपसंपादक बातमी खालून कापतो. मुलींचे निकाल उडतात. कुणी मुद्दाम उडवलेले नसतात, पण सकाळी पेपरात त्या मुली नसतात. उपाय सोपा आहे. निकाल स्पर्धाप्रकाराप्रमाणे लाव: १०० मीटर मुले, १०० मीटर मुली, मग २०० मीटर. कापलं तरी दोघांचं सारखं कापलं जाईल. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं, तेव्हा तर क्रीडा पानाची जागा आणखी आक्रसते. जामठ्याला आंतरराष्ट्रीय सामना असला तरी तेच होतं. अशा दिवसांत मुलींच्या स्पर्धेचा दीडशे शब्दांचा, पूर्ण आकड्यांचा मजकूर दुपारीच लिहून दे. लहान, तयार आणि नीट बातमी पानावर बसते. चारशे शब्दांची अर्धी कच्ची बातमी उद्यावर जाते आणि उद्या ती शिळी होते.

फोटोबद्दल. बक्षीस समारंभाच्या फोटोत पाच मान्यवर मध्ये असतात आणि विजेती कडेला अर्धी कापलेली. खाली फोटोओळीत पाचही पाहुण्यांची नावं, पदांसकट, आणि शेवटी ‘विजेत्या खेळाडू’. हा फोटो घेऊच नकोस, किंवा घ्यावाच लागला तर नावं मुलींपासून सुरू कर. फोटोग्राफरला आदल्या दिवशी सांगून ठेव की खेळतानाचा फोटो हवा. स्टार्टिंग ब्लॉकवर धावपटू वाकलेली असते. तिथे मागून कॅमेरा लावायचा नाही. पुढून तिरक्या कोनातून उभं राहिलं की चेहरा, हात आणि पहिलं पाऊल मिळतं, आणि फोटो म्हणूनही तोच सरस येतो. कबड्डीत चढाई करणारीचा हात आणि समोरची साखळी एका चौकटीत आली पाहिजे. फोटो निवडताना त्यात चेंडू, अडथळा, बॅटन, शटल असं खेळाचं काहीतरी आहे का, ते आधी बघ. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी खुद्द अधिकृत प्रसारण संस्थेने आपल्या कॅमेरामनना महिला आणि पुरुषांचं चित्रीकरण सारखंच करण्याची सूचना दिली होती. गणवेशाचा प्रश्नही असाच. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून त्यांना दंड झाला आणि त्यावर इतका गदारोळ उठला की नियमच बदलला. तिथे कपडे हीच बातमी होती, म्हणून लिहायचं. एरवी मुलीने काय घातलं होतं ते बातमीत यायचं कारण नाही.

मुलाखतीला जाताना प्रश्न लिहून ने. २०१६ मध्ये सानिया मिर्झा दुहेरीत जगात अव्वल असताना तिला एका नामांकित पत्रकाराने संसारात कधी स्थिरावणार, मूलबाळ कधी, असं विचारलं. मी जगात पहिली असण्यापेक्षा आई व्हायला हवं होतं म्हणून तुम्ही निराश झालेले दिसता, असं तिने सुनावलं आणि त्या पत्रकाराने तिथेच माफी मागितली. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या तोंडावर मिताली राजला आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण असं विचारलं गेलं. पुरुषांना तुम्ही आवडती महिला क्रिकेटपटू विचारता का, हा तिचा उलट प्रश्न होता. तुझ्या वहीतला प्रत्येक प्रश्न याच कसोटीवर घास: हा प्रश्न मी रणजी खेळणाऱ्या मुलाला विचारला असता का? उरलेल्या जागेत खेळाचे प्रश्न भर. बॅडमिंटनपटू मालविका बनसोडची मुलाखत मिळाली तर २०२२ साली सायनाला हरवलंस तेव्हा कसं वाटलं, हे विचारून झालेलं आहे. ती डावखुरी आहे. तिच्या फोरहँड कोपऱ्यातून तिरका मारलेला स्मॅश उजव्या हाताने खेळणारीच्या बॅकहँडकडे जातो. त्याचा ती कसा उपयोग करते, समोरही डावखुरी आली तर काय बदलते, तीन गेमचा सामना लांबला की पायांचं काय होतं, हे विचार. अशा प्रश्नांना खेळाडू मनापासून उत्तरं देतात.

गरिबीची गोष्ट आपल्या पानांना फार आवडते. मातीचं घर, मजुरी करणारी आई, तुटके बूट. ती परिस्थिती खरी असते आणि लपवायची नाही, पण तिच्यावर बातमी उभी केली की मुलगी दयेचा विषय होते आणि व्यवस्था नामानिराळी राहते. त्याऐवजी हिशेब मांड. महिन्याला खुराकावर किती खर्च होतो, तो कोण करतं, शिष्यवृत्ती मंजूर झाली का आणि हातात कधी पडली, स्पर्धेला जायचं रेल्वेचं तिकीट कुणी काढलं. हे आकडे तिच्या घरच्यांकडून आणि क्रीडा कार्यालयातून, दोन्हीकडून घे आणि जुळवून बघ. फरक निघाला तर तीच तुझी बातमी.

शरीराबद्दल लिहिताना जपून. वजन कुठे लिहायचं? जिथे वजनगट आहे तिथे: कुस्ती, बॉक्सिंग, भारोत्तोलन, ज्युदो. बॅडमिंटनपटूचं वजन बातमीत येऊ नये. विनेश फोगाट पॅरिसमध्ये ५० किलो गटात अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. आदल्याच दिवशी तिने युई सुसाकीला हरवलं होतं, जी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत एकही लढत हरली नव्हती. वजन दोन्ही दिवशी सकाळी होतं, एका दिवसात तीन लढती झाल्यावर खाणंपिणं करावंच लागतं, आणि ते वजन रातोरात उतरवायचं असतं. हे समजावून सांगणारी बातमी आणि ‘चूक कुणाची’ असा आरडाओरडा करणारी बातमी यांत वाचकाच्या हाती काय पडतं, ते तूच ठरव. त्याच ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूने १९९ किलो उचललं आणि एका किलोने तिचं कांस्य हुकलं. मासिक पाळीचा तिसरा दिवस होता, असं तिने स्वतः सांगितलं. खेळाडू आपणहून बोलली तर ते छाप, साध्या शब्दांत, तिच्याच वाक्यात. संकोचाने गाळू नकोस आणि हेडिंगमध्येही नेऊ नकोस. तू होऊन कुणाला विचारायचं मात्र नाही.

लिंगचाचणीच्या बातम्यांत आपल्या माध्यमांनी फार नुकसान केलं आहे. २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत शांती सौंदराजनचं ८०० मीटरचं रौप्य काढून घेतलं गेलं आणि तिच्या शरीराची चर्चा घराघरांत झाली. द्युती चंदला २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर बाहेर ठेवलं, ती क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये लवादाने तो नियमच स्थगित केला. असा विषय हाताला आला तर लक्षात ठेव: वैद्यकीय अहवाल ही खाजगी बाब आहे, ‘सूत्रांनुसार’ म्हणून तो छापायचा नाही. नियम काय सांगतो आणि संघटनेने अधिकृतपणे काय कळवलं, एवढंच.

यापुढचा भाग दोनदा वाच, कारण इथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. मैदानावरच्या निम्म्याहून जास्त मुली अठरा वर्षांखालच्या असतात. एखाद्या प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार झाली, तर पोक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मुलीचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर किंवा तिची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि प्रकाशकही जबाबदार धरला जातो. तक्रारदार सज्ञान असेल तर लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागू होतं. नाव गाळलं म्हणजे काम झालं असं समजू नकोस. खेळ, गट, मैदान, प्रशिक्षकाचं नाव आणि ‘नुकतीच राज्य स्पर्धेत पदक मिळवलेली’ एवढं एकत्र आलं की रेशीमबागेतलं पोरही नाव सांगेल. नागपुरात एका प्रशिक्षकाकडे एखाद्या गटात चार-पाचच मुली असतात. म्हणून बातमी लिहून झाल्यावर त्या मैदानावर रोज येणाऱ्या माणसाच्या नजरेने वाच. त्याला ओळख पटत असेल तर आणखी तपशील काढ. दुसऱ्या पेपराने एक तपशील आणि तू दुसरा छापलास, तरी ओळख फुटते. तेव्हा बाकीचे काय छापताहेत तेही बघ.

एरवीच्या कौतुकाच्या बातमीतही लहान मुलीचं गाव, शाळा, रोजच्या सरावाची वेळ आणि मैदान एकत्र देऊ नकोस. पहाटे साडेपाचला ती कुठे एकटी भेटेल, हे आपण छापून सांगतो आहोत याचं भान राहत नाही. मुलाखत मैदानावर, पालक किंवा प्रशिक्षकासमोर घे. रात्री थेट तिला मेसेज करायचा नाही, फोन पालकांच्या नंबरवर. आणि तिचं नाव तिच्याच हाताने तुझ्या वहीत लिहून घे, देवनागरीत, आडनावासकट. नाव चुकलेलं कात्रण मुलीच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहतं आणि नोकरीच्या क्रीडा कोट्यासाठी कागद जमवताना तिला अडतं.

मोबाइलवर आलेला फोटो तपासल्याशिवाय पानावर घ्यायचा नाही. मे २०२३ मध्ये दिल्लीत आंदोलक कुस्तीगीर महिलांना पोलीस गाडीतून नेत होते, तेव्हाचा विनेश आणि संगीता फोगाटचा सेल्फी फिरला, दोघी हसताना. मूळ फोटोत त्या हसत नव्हत्या, हसू नंतर चिकटवलेलं होतं. मूळ कुणी टाकला ते शोध, दोन्ही शेजारी ठेव, मगच ठरव.

हेडिंगबद्दल थोडक्यात. कुणाचीतरी बायको, मुलगी किंवा ‘लेडी अमुक’ अशी ओळख हेडिंगमध्ये नको. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शफालीच्या ८७ धावा आणि दोन बळी, दीप्तीचं अर्धशतक आणि पाच बळी. एवढं साहित्य समोर असताना ‘लेकींनी’ या शब्दावर हेडिंग पेलून धरायची गरज नसते.

आणि एक वही वेगळी कर. त्यात जिल्ह्यातल्या पंचवीस-तीस मुलींची नावं, खेळ, गट, सर्वोत्तम कामगिरी आणि तारीख. ज्या मुलीचं नाव सहा महिने निकालात दिसलं नाही, तिच्या प्रशिक्षकाला फोन कर. दुखापत, दहावी-बारावी, लग्न, प्रवासाचे पैसे, मैदान बंद, काहीतरी कारण निघतंच, आणि ते सहसा कुठेच छापलेलं नसतं. या आठवड्यात अशी पहिली दहा नावं काढ आणि मला पाठव. मानकापूरला स्पर्धा झाली की तिची बातमीही पाठव, घंटेच्या वेळेसकट.

सस्नेह,
ताई